चायबाशीतली सशाची मेजवानी

एस्मेच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. चायबाशीच्या लोकांनी चवीपायी धार सोसली, असंच म्हणायला हवं. सिवासहून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्यावर, नदी जिथे अजून ओढ्याएवढीच आहे, तिथे फकिरांचा एक जुना तक्या, म्हणजे मठ, होता, आणि त्या तक्याच्या चुलीवर एस्मेचं राज्य होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला गरम जेवण आणि त्याच्या जनावराला पेंढा द्यायचा, या अटीवर कोण्या जुन्या सुलतानाने गावाला सारा माफ केल्याची सनद दिली होती. म्हणजे गावाची शेतं, मेंढ्या, मधाची पोळी, सगळं एका अर्थी एस्मेच्या हंड्यावर टिकून होतं. ही गोष्ट ती कोणाला ना कोणाला रोज ऐकवत असे.

तक्याचा एक नियम होता. पाहुणा जेवल्याशिवाय त्याला नाव विचारायचं नाही. एस्मेने जेवल्यावरही क्वचितच विचारलं. सुलतानाचे जासूद तिच्या हातचं जेवून गेले, शहाकडून गुपचूप येणारे दरवेशी जेवून गेले, आणि एकदा तर दोघं एकाच परातीभोवती बसून एकमेकांपुढे मीठ सरकवत होते. भुकेल्याचं तोंड सगळीकडे सारखंच उघडतं, असं ती म्हणे. उरलेलं जग तिला फारसं समजत नव्हतं आणि समजून घ्यायची तिला हौसही नव्हती.

पण जगाला आमची हौस होती. आम्ही लालटोपीवाले, अलीला मानणारे. पणज्याच्या वेळी शहाचं घराणं नुसतं पीरांचं होतं, डोंगरापलीकडे अर्दबीलला. मग त्या घरातल्या एका पोराने तलवार उचलली, आमच्यासारख्या मेंढपाळांनी लाल टोप्या घालून त्याला इराणच्या तख्तावर बसवलं, आणि तेव्हापासून आमचा गुरू एका राज्यात आणि आमची जमीन दुसऱ्या राज्यात अशी गत झाली. शहाला आमची भक्ती हवी होती, सुलतानाला आमची मान झुकलेली हवी होती. आमचं काय होतंय याची चिंता दोघांनाही नव्हती, हे मी स्पष्टच सांगतो. एस्मेचा नवरा सुलतानाच्या फौजेत उंट हाकायला नेला, तो शहावरच्या स्वारीत. ज्या शहाचं नाव घेतल्याशिवाय तो पाण्याचा घोट घेत नसे, त्याच्यावर चाललेल्या तोफा ओढता ओढता तो कुठल्याशा खिंडीत थंडीने गेला. मागे एस्मे आणि एक मुलगा, बुदाक.

बुदाक आईचं ऐकत नसे. लहानपणी नदीवर जाऊ नको म्हटलं की नदीवर, शेळ्या उतरणीला नेऊ नको म्हटलं की उतरणीला. मोठा झाला तरी तेच. गेल्या उन्हाळ्यात गावाने जमवलेली भेट, म्हणजे लोकरीचे मोजे, मधाने भरलेला कातडी बुधला आणि बायकांनी दिलेले चांदीचे दोन दागिने, अर्दबीलला शहाच्या घराण्याच्या दर्ग्यावर पोचवायची होती. जाणारा माणूस आजारी पडला. एस्मेने बुदाकला बजावलं की तू यात पडायचं नाहीस. दुसऱ्या दिवशी त्याचं अंथरूण रिकामं होतं. पानगळीला तो परत आला, उन्हाने रापलेला, डोळ्यांत एक नवीनच चमक घेऊन. एस्मेने त्याला आधी एक थोबाडीत दिली आणि मग जेवायला वाढलं.

त्या हिवाळ्यापासून हवा बिघडली. गावात मशीद बांधायचा हुकूम आला होता, ती आम्ही बांधली. इमाम आला. दर शुक्रवारी सुलतानाच्या नावाने खुतबा, म्हणजे मशिदीतलं प्रवचन, होई आणि आम्ही मान डोलवत असू. तेवढ्याने भागेल असं वाटलं होतं. मग शेजारच्या कवाकमधले सात-आठ पुरुष नेले, चोरीच्या आरोपावरून. कवाकमध्ये काय चोरीला गेलं होतं ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. नमाज पढणाऱ्या माणसाला धर्मावरून मारलं तर लोकांत बोभाटा होतो, म्हणून कागदावर चोर लिहायचं, ही सरकारची रीत होती. काहींना बायकामुलांसकट समुद्रापलीकडच्या सायप्रस बेटावर पाठवत, सुलतानाने नुकत्याच जिंकलेल्या ओसाड जमिनीवर. तेवढ्यावर सुटले ते नशीबवान. कवाकचे पुरुष सिवासला पोचलेच नाहीत, वाटेतच नदीत बुडवले. तेव्हापासून रस्त्यावर घोडा दिसला की एस्मेची नजर आधी बुदाकला शोधायची.

वसंतात आमच्यासारख्यांना हुडकत फिरणारा नायब काजी लुत्फुल्ला एफेंदी आला. लोकांना वाटलं होतं की असा माणूस उंच, काळ्या दाढीचा आणि मोठ्या आवाजाचा असेल. हा बुटका, पोट नाजूक असलेला, हळू बोलणारा. बरोबर पाच-सहा स्वार, एक मोतद्दार आणि दोन शिकारी कुत्री. त्याच्या खोगिराला ससे लटकत होते, चांगले पुष्ट. त्याने तक्याच्या दाराशी उतरून आधी एस्मेच्या हातच्या जेवणाचं सिवासपर्यंत गेलेलं नाव सांगितलं, मग ससे तिच्या पायाशी ठेवले. संध्याकाळी गावातल्या सगळ्या पुरुषांना बोलवा, म्हणाला. एकत्र जेवू. शिकार माझी, हात तुमचे.

ससा आम्ही खात नाही. का खात नाही, ते विचाराल तर प्रत्येकाचं कारण वेगळं. कोणी म्हणतं त्याला मांजराचं तोंड आणि गाढवाचे कान आहेत, कोणी म्हणतं त्याला बायकांसारखा विटाळ होतो, माझी आजी म्हणायची की नुसतं नाव घेतलं तरी दिवस वाईट जातो. खात नाही, एवढं मात्र सगळ्यांचं एक. आणि हे सुलतानाच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. नमाज कोणालाही पढता येते, त्यांच्या खलिफांबद्दलचे आदराचे शब्दही कोणालाही म्हणता येतात. घशाखाली घास उतरवणं ही वेगळी गोष्ट आहे.

दुपारी धान्याच्या कोठारात जाणती माणसं जमली. कंबर देदे, म्हणजे गावाचे गुरू आणि सगळ्यांचे आजोबा, म्हणाले की जीव वाचवायला झाकून वागणं आपल्याला माफ आहे, डोळे मिटा आणि खा. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. बुदाक उठून उभा राहिला आणि म्हणाला, मी खाणार नाही. अर्दबीलच्या उंबऱ्यावर ओठ टेकवून आलोय, त्या ओठांनी ससा खाणार नाही, मग मान गेली तरी चालेल. देदेंनी समजावलं, त्याच्या चुलत्याने शिव्या दिल्या. तो दगड होऊन उभा.

शेवटी कोणीतरी एस्मेला बोलावून आणलं. ती कांदे चिरता चिरता आली होती, सुरी हातातच होती.

"मान गेली तरी चालेल म्हणतोस," ती म्हणाली. "तुझी गेली तर चालेल रे, तू मोकळा होशील. मी रोज सकाळी उठून कोणाला शिव्या घालू?"

"आई, उगाच चेष्टा करू नकोस."

"चेष्टा तू करतोयस. तू एकटा ताटावरून उठलास की तो विचारणार, हा का उठला? मग हा गेल्या उन्हाळ्यात कुठं होता? मग बरोबर काय नेलं होतं, कोणी दिलं होतं? एका तुझ्या ओठांपायी सगळं गाव नदीला लागेल."

बुदाकचा जबडा हलत होता, म्हणजे तो ऐकत होता पण मानत नव्हता. एस्मे त्याला पोटात होता तेव्हापासून ओळखत होती. हा रात्री हात मागे घेणार, हे तिला दिसलं.

"बरं ऐक," ती म्हणाली. "तुमच्या परातीत ससा नसेल. करडू असेल. आपल्या तांबड्या शेळीचं. ससा फक्त त्या एफेंदीच्या वेगळ्या भांड्यात. तुम्ही सगळ्यांनी एवढंच करायचं, लग्नाला आल्यासारखं जेवायचं. तोंड वाकडं करायचं नाही, नाक मुरडायचं नाही, चाचरायचं नाही. कळलं का बुदाक? एकदा, आयुष्यात एकदा, आईचं ऐक."

बुदाकने मान हलवली. देदेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सगळे एकेक करून कोठारातून बाहेर पडले.

तिने ते जमवलं ते असं. नायबाचा मोतद्दार रजब मुदपाकात येऊन चुलीशी बसला होता, ससे त्यानेच सोलले आणि तुकडे केले. नजर ठेवायला पाठवला आहे हे उघडच होतं. एस्मेने त्याच्यासमोर लोण्यात परतलेला दलिया ठेवला आणि सशाच्या मांसाला उग्र वास असतो, ते आंबट ताकात ठेवावं लागतं, असं सांगून परात मागच्या थंड खोलीत नेली. तिथे आधीच दुसरी परात होती, करडाच्या तुकड्यांची, तीही ताकात. पांढऱ्या ताकात मांसाला ना नाव ना गाव. दिवस कलला तसं तिने मोठ्या हंड्यात ओतलं ते करडू, आणि छोट्या तपेल्यात एफेंदीच्या नाजूक पोटासाठी म्हणून वेगळा शिजवला तो ससा. उरलेल्या सशांचं मांस मागच्या दाराशी एफेंदीच्याच कुत्र्यांनी फस्त केलं. रजब दलिया खाऊन घोरत होता.

एकच अडचण आली. मीठ चाखल्याशिवाय एस्मेने आयुष्यात भांडं चुलीवरून उतरवलं नव्हतं. छोट्या तपेल्यापाशी ती डाव हातात धरून उभी राहिली. अळणी रस्सा गेला तर एफेंदी म्हणेल, एवढी नावाजलेली बाई, हिने चाखलं का नाही? तिने आतल्या आत अलीची माफी मागितली आणि डावाच्या टोकाला जीभ लावली. आभाळ कोसळलं नाही. मीठ थोडं कमी होतं. तिने ते घातलं आणि मग बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिली.

जेवणं सूर्य मावळता मावळता अंगणात झाली. सांगू नये, पण तशी मेजवानी चायबाशीने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. हिवाळा नुकताच संपलेला, घराघरांत धान्याचा तळ दिसायला लागलेला, मांसाचं तोंड कोणी कधी पाहिलं होतं ते आठवावं लागे. त्यात करडू कोवळं, कांद्यात विरघळलेलं, वर पुदिना. भीतीने दुपारी कोणी जेवलं नव्हतं. पहिला घास घेतल्याबरोबर जिभेने ग्वाही दिली की हे आपल्या एस्मेचं करडूच आहे, आणि मग पुरुषांच्या खांद्यांवरचं ओझंच उतरलं. म्हातारे हाडं चोखत होते. चुलत्याने परात पोळीने पुसली. बुदाक सगळ्यांत जास्त जेवला; तो दोनदा वाढून घेताना मोठ्याने हसला आणि एफेंदीच्या शिकारीची तारीफसुद्धा केली. नायबाने स्वतः दोन-चार घासच घेतले. तो गमतीच्या गोष्टी सांगत होता आणि परातीभोवतीच्या चेहऱ्यांकडे बघत होता, एकेका चेहऱ्याकडे, सावकाश, बाजारात जनावर बघावं तसं.

एस्मे मुदपाकाच्या दारात उभी होती. तिचा ऊर भरून आला होता. आपण एवढ्या मोठ्या माणसाला हातोहात फसवलं, आपल्या पोराला, आपल्या गावाला वाचवलं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटणं चूक होतं असं त्या क्षणी कोणीही म्हटलं नसतं. ती त्या रात्री गाढ झोपली.

सकाळी नायब मुदपाकात आला. निघायच्या आधी आभार मानायला आलो, म्हणाला. एस्मेने त्याला बसायला चटई टाकली, ताक दिलं. त्याने ताक घेतलं, मिशा पुसल्या आणि हसून बोलायला लागला. बोलणं अगदी घरगुती होतं.

"माझी आई तोकातची," तो म्हणाला. "पाच वेळा नमाज पढणारी. ससा हलाल आहे हे तिला माहीत होतं, मी स्वतः तिला किताबातून दाखवलं होतं. तरी तिने मरेपर्यंत तो घरात येऊ दिला नाही. कान बघून किळस येते म्हणायची."

एस्मे म्हणाली, असतात बाई काही जणांच्या खोडी.

"काही जणांच्या नाही. या मुलखात निम्म्या लोकांच्या. मी ही मेजवानी बऱ्याच गावांत देऊन आलोय, बाई. जिथल्या माणसांबद्दल मला काडीचीही शंका नाही अशा गावांतसुद्धा. तिथं कोणी म्हणतं पोट दुखतंय, कोणी तुकडा पोळीखाली लपवतो, एकाने तर मला तोंडावर सांगितलं, एफेंदी, तुम्ही खुशाल खा, आम्हाला डाळ द्या. ज्याला माझी भीती नसते, तो नाक मुरडतो." त्याने रिकामं भांडं खाली ठेवलं. "तुमच्या गावात एकानेही नाक मुरडलं नाही. म्हाताऱ्यांनी हाडं चोखली. जन्मात ससा न खाल्लेल्या माणसांनी. आणि सगळ्यांत आवडीने कोण जेवलं, सांगू?"

त्याला सांगावं लागलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एस्मेने स्वतःच गावाला शिकवलं होतं की नाक मुरडू नका, आणि गाव तिच्या शब्दाबाहेर गेलं नव्हतं.

"उन्हाळ्यात तुझा मुलगा कुठे होता, हे मला आधीच कोणीतरी सांगितलंय," नायब म्हणाला. "सांगणाऱ्याचं गावाशी वैर आहे, म्हणून मी विश्वास ठेवला नव्हता. काल ठेवला."

एस्मे खाली बसली. पण तिचं डोकं चालत होतं, आणि जे ती पुढे बोलली ते तिने कसं जुळवलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

"ते करडू होतं," ती म्हणाली.

नायबाने भुवया वर केल्या.

"मोठ्या हंड्यात करडू होतं. आमच्या तांबड्या शेळीचं, जाऊन बघा, ती सकाळपासून ओरडतेय. म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. गरिबाला करडू मिळाल्यावर कशाला मुरडेल? त्यांना वाटलं सशाचं मांस असंच कोवळं लागत असेल. त्यांना काय ठाऊक? खाल्लंय कधी?"

"मग ससे कुठे गेले?"

"थोडं तुमच्या तपेल्यात. बाकीचे तुमच्या कुत्र्यांनी खाल्ले."

नायब हसला, खरोखर हसला. मग म्हणाला, "का बदललंस?"

"मी त्यातली आहे म्हणून." एस्मेने सुस्कारा सोडला. एकदा म्हटलं आणि सोपं झालं. "माहेराहून आणलेलं आहे हे. या गावाचा काही संबंध नाही. मी लालटोपीवाल्यांची लेक. माझ्या भांड्यात ससा शिजवायला माझा हात धजत नाही. तुमच्यासाठी शिजवला, तुम्ही पाहुणे म्हणून. गावाला नाही वाढला. तुम्ही मला विचारताय ना, तर मला न्या. बाकी ही मेंढरं आहेत, जे समोर ठेवाल ते खातील."

नायबाने रजबला हाक मारून छोटं तपेलं आणायला सांगितलं. तळाशी कालचे तुकडे होते, वर तूप गोठलेलं. रजबने एका वाडग्यात काढून एस्मेपुढे ठेवलं.

"खा," नायब म्हणाला.

तिने वाडग्याकडे पाहिलं. काल ज्याला जीभ लावली तोच रस्सा होता, तिनेच मीठ वाढवलेला. एक घास खाल्ला की ती सुटत होती. आणि ती सुटली की तो म्हणणार होता, मग मांस बदललं कोणासाठी? तिने ओठ मिटून घेतले आणि वाडगा हाताने दूर सारला. एवढ्या वर्षांत तिने अन्न असं कधी सारलं नव्हतं.

"नाही खाणार."

"ठीक आहे," नायब म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जवळजवळ आदर होता. रजबला म्हणाला, खेचर तयार कर. कागदावर लिही, सरकारी माणसाची शिकार चोरली. एस्मेने डोळे मिटले. तिला रडू येत होतं, पण ते सुखाचं होतं, हे मी ठामपणे सांगतो. चोर तर चोर. पोरगं वाचलं. आता चुलीचं कोण बघणार, तांबड्या शेळीचं दूध कोण काढणार, असले विचारही तिच्या मनात येऊन गेले, म्हणजे मन किती हलकं झालं होतं बघा.

"थांब," नायब म्हणाला. "आधी मुलाला बोलाव."

"त्याला कशाला?" एस्मे म्हणाली. "तो बापावर गेलाय. त्याला यातलं काही माहीत नाही."

"माहीत नसेल तर सहज कळेल. आणि बाई, तू बोलायचं नाहीस. मान हलवायची नाही, खोकायचं नाही. एक शब्द बोललीस तर काय समजायचं ते मी समजेन."

बुदाक शेतावरून आला. हात मातीने भरलेले. दारात त्याला रजब दिसला, खेचर दिसलं, खाली जमिनीवर बसलेली आई दिसली. नायबाने त्याला प्रेमाने जवळ बसवलं. रात्रीचं थोडं उरलंय, म्हणाला, तू काल आवडीने जेवलास, टाकून द्यायचं जिवावर आलं. बुदाकची नजर वाडग्यावर गेली, मग छोट्या तपेल्यावर. छोट्या तपेल्यात काय आहे हे त्याला आईनेच सांगितलं होतं.

त्याने आईकडे पाहिलं. एस्मे त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं त्याचा त्याला उलटाच अर्थ लागला. ती मनात ओरडत होती. नाक मुरड रे. शी म्हण. शिळं आहे म्हण, पोट बिघडलंय म्हण, एफेंदीला शिवी दे, वाडगा लाथाड. तुझ्या बापाच्या उंटासारखा अडून बस. जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस, आजही ऐकू नकोस.

बुदाकला दिसलं ते एवढंच की आई संकटात आहे आणि तिने एकच गोष्ट सांगितली होती. ज्या ओठांनी त्याने अर्दबीलचा उंबरा चुंबला होता ते त्याने उघडले, आणि मातीच्या बोटांनी एक मोठा तुकडा उचलून तोंडात घातला. चावला. गिळला. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. मग दुसरा घेतला. तूप गोठलेलं होतं ते बोटाने निपटून घेतलं, आणि नायबाकडे बघून हसला, काल रात्रीसारखाच, लग्नातल्यासारखा.

"उत्तम झालंय," तो म्हणाला. "आणखी आहे का?"

नायबाने एस्मेकडे पाहिलं. काल करडू खाल्लेल्या पोराला आज चव बदलल्याचं नवल वाटलं नव्हतं, म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांत आनंद नव्हता, नायब तसला माणूस नव्हता. काम झाल्यावर माणूस जसा बघतो तसा त्याने पाहिलं, आणि रजबला खूण केली की दुसरं खेचर काढ.

बुदाक वाडगा पुसून खात होता. आपण आईला वाचवलं या समाधानात तो मन लावून खात होता. एस्मेने आयुष्यभर हजारो माणसांना वाढलं, जेवणाऱ्याला कधी आवर म्हटलं नाही. पण आता तिच्याने बघवेना.

"पुरे कर बाळा," ती म्हणाली. "पुरे."

"जेवू दे त्याला, बाई," नायब हळूच म्हणाला. "सिवास लांब आहे."